परतीची ओळ

विद्यापीठात बिनतारी इंटरनेट येणार होतं, आणि त्यासाठी काठीवालीच्या नवऱ्यानं सगळा उन्हाळा तार पुरली. ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत, वसतिगृहापासून प्रयोगशाळेपर्यंत आणि शेवटी पार शेतीच्या तुकड्यांपर्यंत गुडघाभर खोल चर. जमीन वाळून दगड झालेली. कुदळ मारली की जमिनीला काही व्हायचं नाही, खांद्यालाच हिसका बसायचा.

"बिनतारी म्हणतात आणि तारेसाठी चर खणायला लावतात," तो घरी येऊन म्हणायचा. "तारेचं असतं तर काय समुद्रापर्यंत खणलं असतं?"

"काम मिळालं ना? मग बोलू नका," काठीवाली म्हणायची. पण त्याच्या तळहाताला तेल चोळून तीच द्यायची, आणि फोडावर बोट पडलं की हात आपोआप हलका करायची.

चर बुजले, पेरण्या झाल्या, मका खांद्याला लागला, तेव्हा कुठं खांब उभे राहिले. शेवटचा खांब मक्याच्या तुकड्यापाशी, अवजारांच्या खोलीला लागून. वर विटेएवढी पांढरी डबी आणि तिच्यात मिणमिणता हिरवा दिवा. त्याच आठवड्यात सगळ्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप मिळाले. मुलं ती काळी पिशवी छातीशी धरून अशी चालायची, की तान्हं मूलच आणलंय आणि रस्त्यात कुणी दृष्ट लावेल.

काठीवाली या तुकड्यावर चौदा वर्षं रोजंदारीवर होती. तिचं काम मोजणीचं. काठी तिच्या सासऱ्याची. म्हातारा विद्यापीठाच्याच शेतावर औतकरी होता, आणि ही त्याची बैल हाकायची पराणी. ट्रॅक्टर आल्यावर त्यानं तिची आर, म्हणजे टोकाचा खिळा, काढून टाकली आणि सुनेच्या हातात दिली. शेतावरच्या लिहिणाऱ्या कारकुनांनी, ज्यांना सगळे वहीवाले म्हणत, त्या काठीवर टेपानं मापून पंचवीस खाचा पाडून दिल्या. झाडाशेजारी काठी उभी करायची, खाच मोजायची, कणसं मोजायची आणि आकडा पुकारायचा. वहीवाले छत्री धरून मागे मागे चालत आणि लिहून घेत. बाईला लिहिता येत नव्हतं, पण चोवीस ओळींतल्या प्रत्येक झाडाची कुंडली तिला पाठ होती.

यंदाचा मका खास होता. पाऊस दडी मारून बसलेला, आणि हा प्रयोग चालवणाऱ्या सरांनी मुद्दाम दोनच पाण्यांवर पीक ठेवलं होतं. एवढ्यावर जी झाडं तग धरतील आणि कणीसही भरतील, त्यांतली बारा बियाण्याला राखायची. तीन वर्षं हेच चाललं होतं. त्या बारांमध्ये जाणार अशा एका झाडाचं नाव काठीवालीनं थोरली ठेवलं होतं. चौथ्या ओळीत, पश्चिमेच्या बांधाकडून तिसरं झाड. शेजारची पानं सुरळी होऊन सुकत असताना थोरली हिरवीगार, आणि अंगावर दोन भरलेली कणसं.

"माणसांना नावं ठेवून झाली वाटतं, आता झाडांना," नवरा चिडवायचा.

"माणसांपेक्षा बरी. उलट बोलत नाहीत."

खांब उभा राहिला त्याच महिन्यात वहीवाले निवृत्त झाले. जाताना त्यांनी वह्यांचा गठ्ठा अवजारांच्या खोलीतल्या फळीवर ठेवला, चष्मा पुसला आणि काठीवालीला म्हणाले, "सांभाळून." काय सांभाळायचं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

त्यांच्या जागी सरांची विद्यार्थिनी आली. चष्मेवाली, चटपटीत आणि उन्हात लाल होणारी. पहिल्या दिवशी ती लॅपटॉप उघडून मक्यात शिरली आणि दोन मिनिटांत बाहेर आली.

"मावशी, उन्हात पडद्यावर काहीच दिसत नाही हो. आणि आत गेलं की इंटरनेटही तुटतं."

"मग सावलीत बस की, पोरी. मी ओरडते. माझा आवाज काही तुटत नाही."

तसंच ठरलं. पोरगी खोलीच्या ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची. आता डोक्याच्या वर गेलेल्या मक्यातून नुसता आवाज यायचा, "ओळ चौथी! पंधरा, एक! सोळा, एक! रिकामं!" पोरगी टकटक टकटक बोटं मारायची, आणि इकडं आकडा पडला की तिकडं अर्ध्या कोसावर सरांच्या खोलीत दिसायचा. सरांना भारी कौतुक. पूर्वी आठवड्यातून एकदा तरी ते टोपी घालून तुकड्यावर यायचे. आता यायची गरजच उरली नाही.

तीन मोजण्या अशा झाल्या. मग एका सकाळी मुकादम छापील यादी आणि लाल फितींचं भेंडोळं घेऊन आला आणि यादीबरहुकूम बारा झाडांना फिती बांधून मोकळा झाला. काठीवाली दुपारी बघायला गेली. चौथ्या ओळीत थोरली उघडीच. फीत बांधली होती पार दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडून तिसऱ्या झाडाला. त्या झाडाला आयुष्यात कणीस धरलं नव्हतं. वाळक्या बोरूला फीत बांधल्यासारखं दिसत होतं ते. तिनं सगळा तुकडा पालथा घातला. बारांपैकी सात फिती अशाच भलत्या झाडांना.

"मुकादम, फिती चुकल्या."

"यादीत आहे तशा बांधल्या."

"मग यादी चुकली."

"यादी मशीनची आहे, काठीवाली. मशीन चुकत नाही." आणि मग हसून म्हणाला, "माणूस चुकतं."

पोरगीला तिनं हाताला धरून आत नेलं आणि थोरली दाखवली, वांझ झाड दाखवलं. पोरगीचं तोंड उतरलं. ओट्यावर येऊन तिनं लॅपटॉपवरून सरांना फोन लावला. पडद्यावर सरांचं तोंड आलं, मागे पुस्तकांची कपाटं. काठीवालीनं डोक्यावरचा पदर नीट केला. सर आपल्याकडे बघताहेत की भलतीकडे, हे तिला कळेना.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "मलाही शंका आली होती. वहीतल्या जुन्या मोजण्या आणि या तीन मोजण्या जुळत नाहीत. सगळ्या नाही, पण निम्म्या ओळी. बाईचं लक्ष नसणार. वयही झालं आता."

"सर, पण मावशी म्हणतात ती झाडं खरंच चांगली आहेत," पोरगी म्हणाली.

"डोळ्यांना चांगलं दिसलं म्हणून बी राखायचं असतं, तर विद्यापीठ कशाला हवं? जिथं फितीखाली काही नाही, ती सात झाडं यादीतून काढा. पाच उरली, पाच ठेवू. उद्या सकाळी कापणी लावा, गोठ्यात वैरण संपलीय. आणि मोजायला पुढच्या वेळी दुसरं माणूस बघा."

पडदा काळा झाला. मुकादमानं भिंतीला टेकलेली काठी उचलली आणि खोलीत आत नेऊन ठेवली.

"उद्यापासून रोपवाटिकेत खुरपायला जा. काठी राहू दे इथं. विद्यापीठाची वस्तू आहे."

"माझ्या सासऱ्याची आहे ती," असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मुकादम तोवर खोलीला कडी घालून निघालाही होता. चौदा वर्षांत पहिल्यांदाच ती त्या तुकड्यावरून मोकळ्या हातांनी घरी आली, आणि त्या मोकळ्या हातांचं काय करावं हे तिला वाटभर कळलं नाही.

ऊन कलायला लागलं होतं. अंगणात म्हातारा बाजेवर बसला होता. त्याचे डोळे गेले होते, पण कान शाबूत. सुनेच्या पावलांबरोबर काठीचा ठोका आला नाही, हे त्यानं फाटकातच हेरलं.

"काठी कुठाय?"

"ठेवली तिकडंच, मामंजी."

"का?"

ती चूल पेटवायला आत गेली. नवरा उंबऱ्याशी उद्याच्या पेंढ्या बांधायला दोर वळत बसला होता. कापणीवर त्यालाच लावलं होतं. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा दोर वळू लागला. बोलून समजूत घालणं हे त्याच्या हातचं काम नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. तरी आज त्यानं काहीतरी बोलावं असं तिला फार वाटलं.

तेवढ्यात फाटकाशी सायकल थांबली. पोरगी. खांद्याला ती काळी पिशवी, केसांत मक्याचा तुरा अडकलेला.

"मावशी, मला झोप लागायची नाही. तुम्ही चुकला नाहीत, हे मला माहीत आहे. पण कुठं चुकलं तेही कळत नाही. मी आकडे वाचते, तुम्ही फक्त ऐका. जिथं वेगळं वाटेल तिथं थांबवा."

"आता ऐकून काय करायचंय?"

"ऐक गं," म्हातारा बाजेवरून म्हणाला. "पोर सायकल मारत आलीय एवढी."

पोरगीनं ओसरीवर लॅपटॉप उघडला. "ओळ तिसरी. चौदा, एक. पंधरा, एक. रिकामं..."

काठीवाली आधी हात बांधून उभी होती. पण बसून किंवा उभं राहून तिला आठवेचना. तिनं म्हाताऱ्याच्या उशाची टेकायची काठी उचलली आणि अंगणाच्या एका कडेनं चालायला लागली. एक पाऊल, काठी उभी, एक आकडा. "बरोबर... बरोबर... हं, इथं मुंग्यांचं वारूळ... बरोबर." तिसरी ओळ संपली तेव्हा ती तुळशीजवळच्या भिंतीशी पोचली होती.

"आता चौथी," पोरगी म्हणाली. "पंधरा, एक. सोळा, एक. रिकामं..."

काठीवाली तिथंच वळली, हातभर बाजूला सरकली आणि उलट अंगणाच्या पहिल्या कडेकडे चालायला लागली. "बरोबर... बरोबर... हेच ते वांझ, तिसरं, ज्याला फीत बांधलीय..."

आकडे थांबले. काठीवालीनं वर पाहिलं. पोरगी पडदा सोडून तिच्या पायांकडे बघत होती.

"मावशी, तुम्ही मागं का वळलात?"

"म्हणजे?"

"चौथी ओळ आहे ना? ती पश्चिमेच्या बांधापासून सुरू करायची. तुम्ही पूर्वेकडून येताय."

"तिसरी संपली की मी पूर्वेलाच असते ना गं. मग तिथूनच चौथी धरायची. एवढी वीस झाडं चालत परत येऊ, रिकामी?"

"प्रत्येक वेळी असं?"

"चौदा वर्षं असंच."

म्हातारा खो खो हसायला लागला, हसता हसता खोकला. "अगं पोरी, औत कधी परत रिकामं आणतात का? या टोकाला वळायचं, आणि येतानाचं तास, म्हणजे शेजारची ओळ, धरायचं. जो रिकामा परत येतो त्याला बैलसुद्धा हसतात. मीच शिकवलंय हिला."

पोरगीनं दोन्ही हात डोक्याला लावले. "आणि मी प्रत्येक ओळ पश्चिमेकडून लिहीत गेले! मशीनमध्ये सगळ्या ओळी एकाच कडेपासून सुरू होतात. चौथीतली थोरली तुम्ही अठरावी पुकारली. मी अठराव्या चौकटीत लिहिली. मुकादमानं पश्चिमेकडून मोजत अठराव्याला फीत बांधली. दुसरी, चौथी, सहावी... सगळ्या समओळी उलट्या!"

"मग वहीवाल्यांचं कसं जुळायचं?"

"ते तुमच्या मागून चालायचे, मावशी. त्यांना दिसायचं. मी ओट्यावर बसले होते." असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. "माझ्यामुळं तुमचं काम गेलं."

"अगं, रडतेस काय! ऊन होतं म्हणून बसलीस. मीच म्हटलं होतं बस म्हणून." काठीवालीनं पदरानं तिचं तोंड पुसलं. तिला स्वतःलाच इतकं हलकं वाटत होतं, की पोरगीच्या रडण्याचंही हसू येत होतं. आपण चुकलो नाही. वय झालं नाही. नुसती ओळ उलटी पडली.

"मी वसतिगृहात जाऊन सगळं सरळ करते आणि सरांना पाठवते," पोरगी उठली. मग जरा थबकली. "पण सर सकाळी बैठकीला जाणार आहेत. त्यांनी उघडून बघितलं तर... आणि कापणी सातला."

"कोपऱ्यापासूनच सुरू करतात," काठीवाली म्हणाली. "चौथी ओळ पहिल्या तासातच जाईल."

उंबऱ्याशी दोर वळणारा हात एकदाच थांबला आणि परत चालू झाला.

सकाळी ती उठली तेव्हा नवरा निघून गेला होता. विळ्याची धार लावल्याचं पाणी दगडावर अजून ओलं होतं. ती रोपवाटिकेत गेली, खुरपं घेतलं आणि वाफ्यात बसली. दोन वाफे झाले, तीन झाले. ऊन पाठीवर आलं. मक्याच्या तुकड्याकडून विळ्यांचा आवाज येत नव्हता, तेवढं अंतर होतं. पण गोठ्याकडे जाणारी पहिली बैलगाडी तिनं पाहिली, गच्च भरलेली, हिरवीगार. तिनं मान खाली घातली आणि तणाबरोबर एक चांगलं रोपही उपटलं. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. तिनं ते परत लावलं, माती दाबली, ओंजळीनं पाणी घातलं.

"मावशी!" रस्त्यावरून सायकल दणदणत आली. "चला! बसा मागं! सर निघालेत तुकड्यावर!"

"मी? सायकलवर?"

"बसा हो!"

चौदा वर्षांत विद्यापीठाच्या रस्त्यावरून काठीवाली सायकलच्या मागं बसून गेलेली कुणी पाहिली नव्हती. खुरपं हातातच राहिलं होतं.

तुकड्यावर मुकादमाचा आवाज चढलेला. "ही कुठली कापणी म्हणायची? एक ओळ कापलीय, एक सोडलीय, एक कापलीय, एक सोडलीय! फणी केलीय नुसती! दुसरीकडं दोन माणसं लावली तर त्यांनाही यानं हेच शिकवलं!"

नवरा विळा खाली करून उभा होता. "मला असंच जमतं," तो म्हणाला.

काठीवाली बघतच राहिली. पहिली ओळ कापलेली, दुसरी उभी. तिसरी कापलेली, चौथी उभी. तुकड्याच्या पार त्या टोकापर्यंत. विषम ओळी जमीनदोस्त, फक्त फितीची पाच झाडं तेवढी मध्ये राखलेली, आणि समओळींतलं एक पानसुद्धा हललेलं नव्हतं. चौथीच्या कडेला थोरली उभी होती, दोन्ही कणसं अंगावर घेऊन.

सर पायी आले. धापा टाकत, बुटांवर धूळ. त्यांनी फणीसारखा तुकडा पाहिला, मग पोरगीकडे, मग काठीवालीकडे पाहिलं.

"सकाळी बैठकीत बसल्या बसल्या उघडलं," ते म्हणाले. "ओळी सरळ केल्या आणि वहीशी लावून पाहिल्या. सगळं जुळतंय." मग खोलीत शिरून त्यांनी फळीवरची एक जुनी वही काढली, पानं उलटली. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर वहीवाल्यांनी पेन्सिलीनं बारीक बाण काढला होता. एक इकडं, एक तिकडं.

"इतकी वर्षं हे बाण मी बघतोय," सर म्हणाले. "मला वाटायचं, वाऱ्याची दिशा लिहून ठेवलीय."

मुकादमाला हसू आवरेना. सरांनाही आवरलं नाही, पण ते लगेच ओशाळले. "बाई, हे मला कधी कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही कधी मागून चालला नाहीत, सर," काठीवाली म्हणाली. तिला टोचून बोलायचं नव्हतं. जे होतं तेच तिनं सांगितलं.

सरांनी स्वतः आत जाऊन काठी आणली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. "चला. आता चालतो. सातही झाडं दाखवा."

ती पुढं, सर मागं, त्यांच्या मागं पोरगी लॅपटॉप छातीशी धरून आणि डोक्यावर छत्री. पडद्यावर काही दिसत नव्हतं तरी ती मागून चालत होती. वांझ झाडाची फीत सरांनी सोडली आणि काठीवालीच्या हातात दिली. ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिनं ती थोरलीला बांधली. पान चुरगळू नये म्हणून तिनं गाठ सैल ठेवली, मग पुन्हा सोडून नीट बांधली.

दुपारी खांबाच्या पायाशी, हातभर सावलीत, दोघं नवराबायको डबा खायला बसली. वर हिरवा दिवा लुकलुकत होता. भाकरी मोडता मोडता तिनं विचारलं.

"अहो, सर आलेच नसते तर?"

"तर संध्याकाळपर्यंत बाकीच्या ओळी कापाव्या लागल्या असत्या."

"मग एवढी मुकादमाची बोलणी कशासाठी खाल्लीत? सर येतील हे तुम्हाला काय माहीत होतं?"

"नव्हतं माहीत." त्यानं घास चावला, पाणी प्यायला, तोंड पुसलं. "पण तू चुकली नसणार, एवढं माहीत होतं. पोरगी यायच्या आधीपासून."

काठीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिनं पदर शोधला, मग लपवलंच नाही. फितीची झाडं सोडून बाकीच्या ओळी आता कापायच्याच होत्या. तो विळा उचलून दुसऱ्या ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि तिची वाट बघू लागला. ही ओळ पूर्वेकडून धरायची होती.